खडूची रेघ

माझे सासरे शिंपी होते आणि पास्ता म्हणजे त्यांचा जीव की प्राण. साखर वाढली तशी डॉक्टरांनी तो बंद केला. मग त्याऐवजी मी स्पॅगेटी स्क्वॉश नावाचा परदेशी पिवळा भोपळा भाजायला लागले. भाजला की काट्याने त्याचा गर दोऱ्यासारखा सुटतो. पहिला मी उभा कापला आणि दोरे तुटके निघाले.

"सूनबाई, आडवं-उभं बघितल्याशिवाय कात्री लावू नये," ते म्हणाले. पुढच्या भोपळ्यावर त्यांनी कापडाच्या खडूने आडवी रेघ मारून दिली. तेव्हापासून घरातला प्रत्येक भोपळा आधी त्यांच्या हाताखालून जायचा. पहिला घास घेऊन म्हणायचे, "सूनबाई, हा पास्ता नव्हे." मग ताटली चाटूनपुसून साफ.

एकदा म्हणाले, "एक दिवस खरा करून घाल ना." माझं डोकं आधीच तापलेलं. "वर गेल्यावर खा," मी म्हटलं. ते हसले आणि नव्या भोपळ्यावर रेघ मारत बसले. आठवड्याभरात गेले.

तो भोपळा तीन महिने फळीवर होता. मी रोज त्याची धूळ पुसायचे, रेघ तेवढी सोडून. काल नवरा म्हणाला, "कुजायच्या आत काप." मी रेघेवरूनच सुरी फिरवली. दोरे लांबच लांब निघाले.

नवऱ्याने पहिला घास घेतला आणि मान वर न करताच म्हणाला, "सूनबाई, हा पास्ता नव्हे."

मी उठले आणि खऱ्या पास्त्यासाठी पाणी उकळत ठेवलं.