आईने कबूल केलेला मण

दवाखान्यात शेवटी शेवटी आई फार थोडं बोलली. त्यातलं एक वाक्य मला नीट ऐकू आलं. "देवीला एक मण गूळ कबूल केलाय. राहून जायला नको." कशासाठी, ते विचारणार तोच डॉक्टर आले, आणि नंतर ती बोललीच नाही.

तेरावं झाल्यावर मी पिंप्राळ्याच्या घरी पुस्तकं काढून बसले. ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण. जुना तोळा साडेअकरा ग्रॅमहून जरासा जास्त, म्हणजे मण सदतीस किलोंच्या थोडा पुढे. पण सराफाकडे हल्ली तोळा दहा ग्रॅमचा. तसा धरला तर मण बत्तीस किलोवर येतो. गुणाकार पुन्हा करून पाहिला. दोन्ही बरोबर होते.

आई धुळ्याकडची, गुजरातच्या शिवेजवळची. तेराव्याला आलेले मामा अजून गावी परतायचे होते. त्यांना विचारलं.

"त्यामा काय इचारनं? वीस किलोना मण," मामा म्हणाले. "आमनाकडे बठ्ठा लोक तोच धरतस."

सावद्याची आत्या गहू निवडत होती. तिने मान वर केली. "वीस किलोला मण म्हणतात होय? आमच्याकडे त्याला अर्धा म्हणतात. चाळीसचा मण."

"बोलनारी आमनी व्हती, अक्का."

"आणि देवी कोणाची? आमची. नांदायला इथं आली, नवस इथं बोलली, आणि माप तेवढं माहेरचं?"

"देवी काय तराजू धरीसन बठी शे का?"

"तुमच्यासारखे भक्त असले, तर धरावाच लागेल."

मला हसू आलं. त्या दिवसांत पहिल्यांदाच. पण आई कुठल्या मणात विचार करत होती, ते कळेना. माझ्याशी ती कायम किलोतच बोलायची.

शेवटी कमी पडायला नको म्हणून दहा-दहा किलोंच्या चार ढेपा घेतल्या आणि तिघं देवीला गेलो. पुजाऱ्याने ढेपा ओळीने मांडून घेतल्या.

"नवस कोणाचा?"

"आईचा."

"सगळा?"

मी गोंधळले. आत्या कानाशी म्हणाली, "तिने वीसच धरला असेल, तर वरचा तुझा होतो. माग काहीतरी."

मी हात जोडले. मला जे मागायचं होतं, ते दवाखान्याच्या जिन्यात मागून झालं होतं. आता काही सुचेना. मागे लोक खोळंबले होते.

"सगळा आईचाच," मी म्हणाले. पुजाऱ्याने चारही ढेपांना कुंकू लावलं.

बाहेर चपला घालताना आत्याला विचारलं, "फिटला ना?"

"फिटला. पुरा फिटला."

"आमना हिशोबे ते दोनदा फिटना," मामा म्हणाले.

दुसरा नवस कोणाचा, ते मात्र त्यांनाही सांगता येईना.