तिसऱ्यांदा पोट उघडायचं नाही

मोठ्या डॉक्टरने माझ्या अंगावरची चादर गुडघ्यापर्यंत खाली ओढली. लुगडं आधीच सोडायला लावलं होतं. भोवती पंधरा-वीस विद्यार्थी, सगळे पुरुष. पेन्सिलीच्या टोकाने त्याने माझ्या पोटावरचे दोन्ही व्रण दाखवले.

"उतरवलेलं सगळं वजन हिने परत मिळवलं. ह्या लोकांची भूक कापता येत नाही."

पोरं हसली. मी छताकडे बघत पडून राहिले.

मी परळच्या एका गिरणीत वायंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात होते. राहायला वरळीच्या चाळीत. अंगाने लहानपणापासून जाड. आमची नायकीण, खात्यातल्या बायांवरची मुकादम, म्हणाली, "दोन यंत्रांमधून तुझं अंग सरकत नाही. कमी कर, नाहीतर घरी बस." हा डॉक्टर विलायतेहून नवीन काही शिकून आला होता. म्हणाला, आतड्याचा मोठा भाग बाजूला ठेवून जोड देतो, खाल्लेलं अंगाला लागणार नाही. फुकट. पुढे काय होईल ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, सभेत ताठ बसणारी मी. त्याच्यापुढे नुसती मान हलवत होते.

वजन उतरलं. भराभर. त्याबरोबर जुलाब लागले. दिवसाला दहादा, बारादा. चाळीचा संडास एका टोकाला, बाहेर रांग. दोनदा रांगेतच लुगडं भरलं. केस मुठीने गळायचे. हाताची बोटं आखडायची, सुताला गाठ मारता यायची नाही. नायकीण माझ्या संडासाच्या फेऱ्या मोजायला लागली. जाड होते म्हणून जाणारं काम, बारीक झाल्यावर गेलं.

डॉक्टर म्हणाला, जोड बदलतो, जुलाब थांबतील. दुसऱ्यांदा उघडलं. जखम पिकली. दीड महिना तापात काढला. टाक्यांच्या जागेतून पोट पुढे आलं, खोकताना हाताने धरावं लागायचं. जुलाब निम्मे झाले, थांबले नाहीत. आणि वजन परत आलं.

आता मला परत दाखल करून तो तिसऱ्यांदा उघडायचं म्हणत होता.

राऊंड संपल्यावर सिस्टर पोटाला पट्टा बांधायला आली. खोताच्या वाडीतली, ख्रिस्ती. खाली वाकून बोलली.

"बाय, मी बोलले ते कुणाला सांगू नको. आत सगळं चिकटलंय. दर वेळी उघडायला जास्त कठीण. आतडं फाटू शकतं. पलीकडच्या खाटेवरची बाई गेली ना, ती ह्याच ऑपरेशनने. दुसऱ्या वेळेला."

"मग पहिल्यासारखं जोडून देतील?"

"त्यालापण उघडावंच लागेल."

दोन्हीकडून तेच. निजले तर सुरी, उठले तर जन्मभर संडास. खिडकीखालून मोर्चा चालला होता. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. माझा नवराही त्यात असणार. आणि माझ्या खाटेला अडकवलेला कागद इंग्रजीत. माझं काय केलं, ते मलाच वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने चादरीला हात घातला. मी ती दोन्ही मुठींनी धरली.

"सोड."

"नाही. ह्या पोरांना काय सांगायचं ते तोंडाने सांगा. पलीकडची बाई कशाने मेली तेही सांगा."

कोणी हसलं नाही.

"फुकट उपचार घेतेस, वर उलट बोलतेस. सही कर, नाहीतर खाट रिकामी कर."

"करते सही. आधी खाटेला अडकवलेल्या ह्या कागदावर काय लिहिलंय ते मराठीत लिहून द्या."

त्याने दिलं नाही. मी पोटाला फडकं घट्ट बांधलं आणि जिना बसत बसत उतरले.

मी बरी झाले नाही. जुलाब आहेत. पोट लोंबतंय. राज्य मिळालं, त्यालाही आता वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्याच इस्पितळातून निरोप आला, जुने पेशंट तपासायचेत, या. मी उलट निरोप धाडला. मी आडवी होणार नाही. मला खुर्ची द्या, डॉक्टरने समोर बसावं. पहिल्यापासून काय काय केलं ते मी विचारीन, त्याने सांगायचं, माझी मुलगी लिहून घेईल. त्याशिवाय ह्या पोटाला कोणी हात लावायचा नाही. मेल्यावरही नाही. घरच्यांना तसं सांगून ठेवलंय.