भंडारा मी उचललाच नव्हता

खंडोबाच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका निघणार होती. तिच्या मजकुरात एक वाक्य होते: ‘तत्कालीन सरपंचांनी सर्वप्रथम भंडारा उचलून, गावची जमीन बाहेरच्यास न विकण्याची शपथ घेतली.’ तो तत्कालीन सरपंच मी. आणि हे वाक्य धादांत खोटे आहे. मी आयुष्यात देवापुढे हात जोडलेले नाहीत.

खरे काय घडले ते सांगतो. पिरंगुटला कारखाने वाढले आणि दलालांच्या मोटारी आमच्या बांधापर्यंत येऊ लागल्या. ग्रामसभेचा ठराव कोणी पाळणार नाही, हे मी जाणून होतो. देवाला हद्दपार करणाऱ्या राजवटींविषयी तरुणपणी मी मोठ्या भक्तिभावाने वाचले होते. प्रार्थनास्थळांची गोदामे करणारे ते राज्यकर्ते मला थोर वाटत. पुढे त्याच देशांत घरोघर राज्यकर्त्याची तसबीर लागली, ही पाने मात्र मी भराभर उलटत असे. माझ्या वाट्याला सत्ता आली ती एका ग्रामपंचायतीची. देऊळ बंद करण्याची माझी छाती नव्हती. तेव्हा मी देवालाच पोलीस नेमले. साऱ्या खातेदारांना देवळात बोलावून भंडाऱ्यावर शपथ घ्यायला लावली. स्वतः मात्र, तत्त्वनिष्ठ नास्तिक या नात्याने, उंबऱ्याबाहेर उभा राहिलो.

एका म्हातारीने तेव्हाच विचारले होते, “आमाला खंडोबाचं भ्या हाय. सरपंच, तुमाला कुनाचं हाय?”

मी तिला विवेकावर बरेच ऐकवले.

तीन वर्षांनी गावातली पहिली जमीन विकली गेली. ती माझी होती. पिरंगुटच्या एका टपरीवर आजही सांगतात, की विकता यावी म्हणूनच मी बाहेर उभा राहिलो. हेही खोटे. त्या दिवशी विकण्याचा विचार माझ्या मनात नव्हता. तो पुढे दलालाबरोबर आला.

तर ते वाक्य दुरुस्त करून घेण्यासाठी मी काठी आपटत देवळात गेलो. स्मरणिकेचे काम देवळाच्या गुरवाकडे होते.

“हे काढा. मी बाहेर उभा होतो, असे छापा.”

“छापतो की, आबा. समद्या गावानं पाह्यलंय. पर मंग फुडलं बी छापाया लागंल. पयली जमीन कुनाची गेली त्ये.”

“त्याचा इथे काय संबंध?”

“न्हाई कसा? तवर एक बी गडी फुटला न्हवता. तुमी इकली, आन् समदी म्हनाया लागली, शपथ घालनाराच इकतोय, मंग आमीच का देवाला भ्यायचं?”

मी चष्मा पुसला. वाक्य पुन्हा वाचले. भाषा तशी बरी होती.

“राहू द्या,” मी म्हणालो.

स्मरणिका निघाली. सुनेने ते पान माझ्या छायाचित्रासह चौकटीत बसवून बैठकीच्या भिंतीवर लावले आहे. देवदर्शनाहून परतणारे पाहुणे त्याला नमस्कार करतात, आणि मी समोरच्या खुर्चीत बसून तो स्वीकारतो.