मिरचीवर दळलेली हळद

माझी नातवंडं मला फार हुशार समजतात. आखाडा बाळापुरात दोन मशीनांची मसाला गिरणी, दारावर मोबाईलनं पैसे घ्यायचा चौकोन चिकटवलेला, आणि आजी कानाला फोन लावून हळकुंडं तोलतेय. एवढं बघून लेकरांना वाटतं, ही अशीच जन्मली असणार. चाळिशीतली मी त्यांनी बघितली नाही हे बरंच झालं. त्या बाईला आपण हुशार आहोत असं फार वाटायचं.

बचत गटातून कर्ज काढून मी पहिलं कांडप मशीन घेतलं, तेव्हा विकणाऱ्यानं सांगितलं होतं की मिरचीला एक आणि हळदीला एक, अशी दोन घ्या. मी हसले. एकावर दोन्ही होत असताना दुसरं घेणारा माणूस मला खुळा वाटला. मिरची झाली की मशीन झाडायचं, दोन मुठी ज्वारी फिरवून काढायची आणि मग हळद टाकायची, ही माझी युक्ती. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ती ऐकवायची. आमच्या मालकांनी तर ती इतक्यांदा ऐकली की शेवटी ते नुसतं हूं म्हणायचे.

पण आमच्याकडं उन्हाळ्यात मिरची आणि लग्नं एकदमच येतात. त्या दिवशी सकाळपासून लाल मिरचीची रांग होती आणि लाईट जायची वेळ झालेली. तेवढ्यात गटाच्या अध्यक्षबाईंच्या घरून थोरल्या लेकाच्या लग्नाची हळकुंडं आली. मी मशीन झाडलं. ज्वारी काही फिरवली नाही. एवढ्यानं काय होतंय म्हटलं, आणि ज्वारीही वाचली, वेळही वाचला या आनंदात हळद दळून डबा पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी हळद लावता लावता नवरदेव पाटावरून उठला आणि न्हाणीकडं पळाला. बायकांना आधी वाटलं, लाजला. मग लावणाऱ्यांचेच हात भगभगायला लागले. हे सगळं मला नंतर कळलं. मला पहिल्यांदा दिसल्या त्या अध्यक्षबाई, तोच डबा घेऊन गिरणीच्या दारात उभ्या. आवाज चढवला नाही. डब्याचं झाकण काढून एवढंच म्हणाल्या, "लाव तुझ्या गालाला."

मी लावली. दोन्ही गालांना, चांगली चोपडून, ऐटीत. आता माझा शहाणपणा ऐका. डोळ्यांतून धारा, नाक गळतंय, आणि मी म्हणते, "थंडच हाय की, आक्का."

"व्हय? मग रडून काहून राहिली?"

"लग्नाचं घर हाय, आक्का. मला भरून आलं."

रांगेतल्या बाया पदरात तोंड घालून हसल्या. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्या गेल्यावर मी बादलीत तोंड बुडवलं. मालक घरातून दह्याची वाटी घेऊन आले. त्या दिवशी ते हूंसुद्धा म्हणाले नाहीत, तेव्हा कुठं मला लाज वाटली. संध्याकाळी शेजारच्या जात्यावर नवी हळद दळली, मांडवात घेऊन गेले आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं की चूक माझी आहे, नवरदेवाची कातडी नाजूक नाही.

गावानं ऐकून घेतलं आणि हळद आणायची बंद केली. मिरची उन्हाळ्यापुरती; आमच्या भागात गिरणी बारा महिने चालते ती हळदीवर. हळद परत आली नाही तर पहिल्या कर्जाचा हप्ता बंद, आणि हप्ता बंद म्हणजे गिरणी बंद. हळदीला वेगळं मशीन घेणं एवढाच मार्ग होता. त्याला गटाचं कर्ज लागणार होतं, आणि कर्जाच्या ठरावावर पहिली सही अध्यक्षबाईंची.

गटाची बैठक शाळेच्या व्हरांड्यात भरली. मी अर्जात रक्कम कमी लिहिली होती. कमी मागितलं की बाया मऊ पडतील, हा माझा हिशोब. एकीनं विचारलं, लोकं पुन्हा हिच्याकडं हळद आणतीलच कशावरून? मी म्हटलं, आणतील का ते मला ठाऊक नाही. पण दोन मशीनं दोन खोल्यांत असली तर मला चूक करायची सोयच राहणार नाही.

अध्यक्षबाईंनी अर्ज दोनदा वाचला.

"एवढ्या पैशात काय येतं?"

"जुनं मशीन येतं, आक्का. चालू हाय."

"आन दुसरी खोली?"

"मधी पडदा लावते की."

त्यांनी अर्ज माझ्याकडं परत सरकवला. संपलं, मला वाटलं. मी कागदाची घडी घालायला लागले.

"पडदा न्हाई, भिंत. जुनं न्हाई, नवं. मागायचं तर पुरं माग, न्हाईतर उठ. तुझ्या दोन मुठीच्या बचतीनं माझ्या पोराचं तोंड सुजलं. परत तेच करायला मी सही देत नसते."

तिथंच फरशीवर बसून मी दुसरा अर्ज लिहिला. एवढा मोठा आकडा मी कधी लिहिला नव्हता; एक शून्य अंड्यासारखं झालं. अध्यक्षबाईंनी पहिली सही केली. बाकीच्या बायांनी कुरकुर केली, पण पेन हातोहात फिरला.

ते कर्ज मी मुदतीच्या आधी फेडलं. आज पार पुसेगावाकडून लोक लग्नाची हळद माझ्याकडं दळायला आणतात, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. मधली भिंत बांधताना गवंडी म्हणाला होता, नुसत्या आडोशाला चार इंची पुरते, काहून खर्च वाढवता? मी त्याच्याकडून नऊ इंची बांधून घेतली.