अजून एक डाव घे न

"बस न, कायले घाई करून राह्यली?" असं म्हणत भाऊ खुर्ची पुढे सरकवायचे आणि चहाचा भरलेला कप हातात द्यायचे. मग उठायची सोयच राहायची नाही. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. पण त्यानं व्हिडिओ गेमची कंपनी काढली नसेल.

भाऊंनी काढली. नेरला, बियाण्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. आधी ते टीव्ही दुरुस्त करायचे. जत्रेत नाणं टाकून खेळायची मशीनं पाहिली आणि त्यांच्या डोक्यात भूत शिरलं. मशीन ते घडवायचे, चित्रं आणि प्रोग्रॅम माझ्याकडे. खेळ साधा होता. सोयाबीनच्या वावरात रानडुकरं घुसतात, ती हाकलायची. मारायला भाऊंची मनाई. "त्यालेबी घरी लेकरं असतीन."

आवाजही भाऊंचाच. तीनदा हरलं की 'खेळ संपला' असं मशीननं म्हणायचं ठरलं होतं. भाऊ माईकसमोर बसले, खाकरले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "अजून एक डाव घे न."

"भाऊ, असा फुकट डाव देला तर दुसरं नाणं कोण टाकीन?"

"आलेल्या माणसाले ऊठ कसा म्हणू, ताई?"

जत्रेत पहिलं मशीन लागलं. एक गृहस्थ एका नाण्यावर दुपारी बसले ते दिवेलागणीला उठले, तेही बायको शोधत आली म्हणून. पाळणेवाला वैतागला. "भाऊ, हे मशीन आहे का पंगत? खेळ संपवा, मी सगळी मशीनं घेतो."

कंपनी जगायची तर एवढंच करायचं होतं. भाऊ पुन्हा माईकसमोर बसले. तोंड उघडलं, शब्द निघेना. मी म्हटलं, माझ्या आवाजात भरू. त्यांनी माईक बाजूला सारला.

"डुकराले हाकलतो आपण, ताई. माणसाले नाही."

वर्षाच्या आत कुलूप लागलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्यांच्याइतका आवडलेला मालक मला पुन्हा भेटला नाही. शेवटच्या दिवशी मी "जाते" म्हटलं, तर म्हणाले, "येते म्हण."

गेल्या हिवाळ्यात भाऊ वारले.

परवा राळेगावच्या बसस्टँडसमोर चहाच्या टपरीवर आमचं मशीन दिसलं. रंग उडालेला, पण चालू. नाणं टाकलं. डुकरांनी माझं सगळं वावर फस्त केलं.

"अजून एक डाव घे न," भाऊ म्हणाले.

माझी गाडी लागली होती, कंडक्टर हाका मारत होता. "येते, भाऊ," असं म्हणून मी पिशवी उचलली.

"अजून एक डाव घे न."

मी पिशवी खाली ठेवली. गाडी गेली.