उदगीरचा आठवडा

विनायक गेल्याचा फोन लातूरहून आला, तेव्हा मी भाकऱ्या करत होते. त्याची बायको एवढंच म्हणाली, "अक्का, हे गेले…" तव्यावरची भाकरी करपून गेली.

विनायक माझा धाकटा मावसभाऊ. लातुरात, डॉक्टर-इंजिनिअर घडवणाऱ्या क्लासांच्या गर्दीत तो जपानी शिकवायचा. त्याआधी स्वतः वर्षभर जपानला शिकून आला होता. आल्यावर मी विचारलं, काय काय पाहिलंस? म्हणाला, "काय पाहतो अक्का! खोलीत आम्ही चौघं बी मराठीच. रोज वरणभात, रोज आपल्याच गप्पा. वर्षभर लातूरलाच राहून आलो बघ." हसत बोलला, पण ते त्याला कायम डाचत राहिलं.

त्यातूनच त्याचं खूळ निघालं. जपानला निघालेल्या प्रत्येकाला तो आधी आठ दिवस माझ्याकडे, उदगीरला धाडायचा. माझ्या सासरी घरात कन्नड. अट अशी की आठ दिवस मराठी बंद, त्यांचीही आणि आमचीही. मीठ हवं तर कन्नडात मागा, नाहीतर अळणी जेवा. औशाची स्वाती तिसऱ्याच दिवशी हमसून रडली. मी घाबरून विनायकला फोन लावला.

"रडू दे की. तिकडं रडू आलं तर शेजारणीकडं जायला शिकली पायजे. तिथं बी मराठी खोली हुडकत बसली, तर कशाला जायचं एवढ्या लांब?"

मला त्याचा भयंकर राग आला. पण संध्याकाळी स्वाती आपणहून सासूबाईंजवळ जाऊन बसली आणि एकेका भाजीकडे बोट दाखवून नावं विचारू लागली. पुढे जपानहून तिनं कळवलं, शेजारच्या आजींकडून लोणचं घालायला शिकतेय. त्या दिवशी विनायक पेढे घेऊन उदगीरला आला होता…

तो गेल्यावर वाटलं, संपलं हे सगळं. तर मागच्या आठवड्यात दारात एक मुलगी, पाठीवर बॅग. "काकू, सरांनी हाच आठवडा दिला होता. यावं का न्हाई, कळंना गेलं…"

तिला जवळ घेऊन विनायकबद्दल खूप बोलावंसं वाटलं. मराठी अगदी ओठांवर आली होती. गिळली.

"ऊट आयता?" मी विचारलं. जेवलीस का?

तिनं पाठीवरची बॅग खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "इल्ला." नाही. एवढा एकच शब्द तो पोरांना शिकवून पाठवायचा.

मी ताट वाढलं. मीठ वाढलं नाही.