उडत आलेलं विमान

फोन भाचीचा होता. "आत्या, बाबा गेले..." एवढंच बोलली. मी गॅस बंद केला आणि खुर्चीत बसले. रडू नंतर आलं. आधी डोळ्यांसमोर आले ते विमानात माझ्या पुढच्या सीटवरचे अरविंददादाचे रुंद खांदे. माझ्या मोठ्या भावाला जाऊन आता दीड महिना होतोय, तरी तो मला अजून पाठमोराच आठवतो.

ऐंशीच्या दशकात, ठाकुर्लीला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दादानं विमान बांधायला घेतलं. ठाण्याच्या एका कारखान्यात तो इंजिनीअर होता. नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि रविवारी हे काम चालायचं. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, जुन्या परदेशी मोटारीचं इंजिन आणि जेमतेम दोन माणसांची जागा. पंखांचं कापड वहिनीनं शिवलं. आई म्हणायची, "अरे, त्यापेक्षा स्कूटर घे की!" लग्नाकार्यात नातेवाईक हसून विचारायचे, "काय, उडालं का?" दादा वर्षानुवर्षं नुसतं "उडेल" म्हणत राहिला. आणि नव्वदनंतर, सगळे परवाने हातात आल्यावर, कल्याणजवळच्या ओसाड धावपट्टीवरून ते खरंच उडालं.

त्याच हिवाळ्यात त्यानं मला वर नेलं. खाली उल्हास नदी चकाकत होती, मोहन्याच्या कारखान्याची चिमणी बोटाएवढी दिसत होती. मी आनंदानं ओरडत होते... आणि अचानक माझाच आवाज मला स्वच्छ ऐकू आला. इंजिन बंद पडलं होतं.

दादानं विमानाचं नाक जरा खाली केलं. "वसू, पट्टा आवळ."

"दादा, पडतोय का आपण?"

"पडत नाही गं, उतरतोय."

खाली भात कापलेली शेतं आणि मध्ये मध्ये बांध. बांधाला चाक अडलं असतं तर आम्ही उलटलोच असतो. दादानं एक लांबट शेत हेरलं, वाऱ्याकडे तोंड केलं, अलीकडच्या बांधावरून विमान अलगद नेलं आणि टेकवलं. धसकटांवरून हाडं खिळखिळी करत आम्ही पुढच्या बांधाच्या जरा अलीकडे थांबलो. दादाचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता!

गावकरी धावत आले. एका म्हातारीनं माझे गाल चाचपले. "बाय, लागला का गं कुठं?"

टाकीच्या आतला लेप सुटून त्याचे कण इंधनाच्या गाळणीत अडकले होते. चौकशी, पंचनामा यात आठवडा गेला. तोवर गावानं विमान राखलं, जवळ गुरं फिरकू दिली नाहीत. सगळे म्हणत होते, सुटं करा, ट्रकमध्ये घाला. दादा म्हणाला, "उडत आलंय, उडतच जाईल." त्यानं टाकी साफ केली, गाळणी बदलली, इंजिन बराच वेळ चालवून पाहिलं. पण धावायला शेत अपुरं होतं. तेव्हा शेताच्या मालकानंच कुदळ उचलली. "बांध काय, पावसाच्या आधी परत घालू." मग सगळं गावच हात लावायला आलं.

वजन कमी हवं म्हणून मी खालीच थांबले. विमान उसळत निघालं, शेवटचा बांध जवळ आला... आणि चाकं सुटली. आंब्याच्या शेंड्यावरून ते वर चढलं. "उरला गं, उरला!" म्हातारी माझा हात धरून नाचत होती. तिच्या बोलीत 'उडाला'चं 'उरला' होतं.

पुढेही दोनदा इंजिनानं दगा दिला. दोन्ही वेळा दादा शेतात उतरला आणि जेवायला घरी आला.

परवा भाचीबरोबर शेड उघडली. सत्तरी ओलांडल्यावर त्यानं दुसरं विमान सुरू केलं होतं. टेबलावर पंखाची एक लाकडी फासळी चिकटवून क्लॅम्पमध्ये आवळून ठेवलेली होती. भाचीनं क्लॅम्प सोडले, फासळी दोन्ही हातांनी वाकवून पाहिली. सांधा पक्का धरला होता.

"अजून किती करायच्यात गं?" मी विचारलं.

"पुष्कळ," ती म्हणाली, आणि पुढच्या फासळीसाठी लाकूड शोधायला लागली.